सातवी फेरी

रविवारची दुसरी प्रार्थना संपली, पण सांता फिलोमेनाच्या चर्चमधून कुणी घरी गेलं नाही. फादरनी प्रवचन आठ मिनिटांत आटोपतं घेतलं, तेव्हाच त्यांनाही घाई आहे हे सगळ्यांना कळलं होतं. माणसं तशीच चालत बास्केटबॉलच्या मैदानावर, पत्र्याच्या छपराखाली गेली. तिथे मोठा पडदा लावला होता. अमेरिकेत शनिवारची रात्र होती, आणि फिलिपिन्समधल्या याच गावचा दिओनेल बुहिसान आपला जागतिक किताब राखायला एका मेक्सिकन बॉक्सरसमोर उभा राहणार होता. रस्त्यावर एकही तीनचाकी दिसत नव्हती.

लिओनिसा मॅम दुसऱ्या रांगेत, मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. वय सहासष्ट. पस्तीस वर्षं त्यांनी इथल्या हायस्कुलात गणित शिकवलं होतं, आणि त्यातली एकोणीस वर्षं सुट्टीच्या दिवशी त्या रिंगणाबाहेर बसून गुण देणाऱ्या बॉक्सिंगच्या पंच होत्या. नवरा रेफरी होता. एका उत्सवात एक पंच पोट धरून घरी गेला, तेव्हा नवऱ्याने बायकोला खुर्चीवर बसवलं. निदान बेरीज तरी चुकणार नाही, एवढीच त्याची अपेक्षा होती. पुढे नवरा गेला, पण हातातली पेन्सिल सुटली नाही. दिओनेलच्या प्रत्येक लढतीला त्या फेरीफेरीचे गुण मांडत, आणि लढत संपली की इस्को न्हावी तो कागद मागून घेऊन दुकानातल्या आरशाला चिकटवत असे. मॅमचा आणि तिकडच्या पंचांचा आकडा जुळला, की आठवडाभर इस्कोची मान ताठ.

राष्ट्रगीत सुरू झालं तसे सगळे छातीवर हात ठेवून उभे राहिले. घंटा झाली. पहिल्या पाच फेऱ्या दिओनेल सुरेख खेळला. पाय हलके, डावा हात लांबून पोचत होता. सहाव्या फेरीपासून मेक्सिकन आत शिरू लागला. सातव्या फेरीत त्याचा एक ठोसा दिओनेलच्या कानामागे बसला. फार जोरात नाही. पण घंटा झाल्यावर दिओनेल हसत हसत वळला आणि दोन पावलं मेक्सिकनच्या कोपऱ्याकडे चालत गेला. रेफरीने खांद्याला धरून त्याला फिरवलं.

छपराखाली हशा पिकला. "बघा, बघा! त्याच्याच स्टुलावर बसायला निघालाय!" तीनचाकीवाला विली ओरडला.

मॅम हसल्या नाहीत. त्यांची पेन्सिल कागदावर टेकून राहिली.

बारा फेऱ्या संपल्या. दोन पंचांनी दिओनेलला जिंकवलं, एकाने मेक्सिकनला. किताब राहिला. मैदानावर नुसता कल्लोळ उठला. कुणी कुणाला मिठी मारतंय, कुणी खुर्चीवर चढलंय, मुली रडतायत. "जिंकलो! आपण जिंकलो!"

दुपारी इस्कोच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. बाहेर कोळशावर कोंबड्या भाजल्या जात होत्या, आत बियरच्या बाटल्या फुटपट्टीसारख्या रांगेत लागल्या होत्या. इस्कोने हात पुढे केला. "मॅम, कागद!"

मॅमनी कागद दिला नाही. त्या म्हणाल्या, "नोंग इस्को, दादा, या वेळी राहू दे."

"का बरं? आणा इकडे."

"माझ्याकडे एकशे पंधरा–एकशे तेरा आहेत. मेक्सिकनच्या बाजूने."

कोंबडीचा तुकडा तोंडाशी नेलेला विली तसाच थांबला. मग म्हणाला, "मॅम, तुम्ही मेक्सिकोला कधी राहायला गेलात?"

हशा झाला, पण थोडाच.

"गणितात मला नापास केलंत, तेव्हा मी एक अक्षर बोललो नाही," विली म्हणाला. "पण आता दिओनेललाही?"

"तू नापास होतास म्हणून केलं, विली. आजही सात साती पन्नास म्हणशील."

"एकोणपन्नास!" विली रागाने म्हणाला, आणि या वेळी सगळे मोकळेपणी हसले.

रामिल मात्र हसला नाही. तो जहाजावर काम करायचा आणि महिन्याभराच्या सुट्टीवर आला होता. मॅमचाच विद्यार्थी. तो शांतपणे म्हणाला, "मॅम, मी अठरा वर्षं लोकांच्या इंजिनांचं तेल पुसतोय. परक्या बंदरात विचारतात, कुठला रे तू? पूर्वी फिलिपिन्स म्हटलं की पुढे शब्द नाही. आता म्हणतात, अरे, बुहिसान! आणि हात पुढे करतात. पहारेकरीसुद्धा. तो हात हातात आला की कसं वाटतं, ते वहीत मांडता येत नाही."

"खरं आहे, दोंग, बाळा," मॅम म्हणाल्या. "तो हात मलाही हवाय. पण मी जे पाहिलं, त्याच्या उलट लिहू कसं?"

इस्कोने रेडिओचा आवाज वाढवला.

संध्याकाळपर्यंत त्यांचा आकडा कुणीतरी फेसबुकवर टाकला होता. मनिलापासून दुबईपर्यंतचे अनोळखी लोक त्यांना देशद्रोही म्हणू लागले. एकाने त्यांच्या चष्म्याचा नंबर विचारला. मॅमनी फोन साखरेच्या डब्याजवळ उलटा ठेवला आणि अंगणातल्या कुंड्यांना पाणी घातलं. दोन दिवस पावाच्या दुकानातली बाई नेहमीसारखं काही बोलली नाही, नुसता पाव पिशवीत घालून द्यायची. हेच मॅमना जास्त लागलं.

बुधवारी सकाळी फाटकाशी दिओनेलची आई उभी होती. हातात सुक्या मासळीची पुडी.

सगळं गाव जिला नांग, म्हणजे ताई, म्हणे त्या त्रिनिंगला मुलाने दुमजली घर बांधून दिलं होतं, तरी ती रोज बाजारात मासळी विकायला बसे. मुलाची एकही लढत तिने पाहिली नव्हती. लढत सुरू झाली की ती चर्चमध्ये जाऊन बसे, आणि कुणीतरी धावत येऊन निकाल सांगितला की उठे.

मॅमनी तिला आत घेतलं. ती भांडायला आली असेल, असंच त्यांना वाटलं. कॉफी झाली. मग त्रिनिंग म्हणाली, "तुम्ही म्हणे तो हरला असं लिहिलंत."

"हो, नांग."

"मला सगळं सांगा. पहिल्यापासून."

"कशाला त्रास करून घेता?"

"सगळे मला एकच सांगतात, आपण जिंकलो. फादर सांगतात, मेयर सांगतात, बाजारात गिऱ्हाईक सांगतं. आपण म्हणजे कोण हो? माझ्या मुलाचा डोळा सुजलाय. बाकी कुणाचा सुजलेला मला दिसला नाही." तिने कॉफीचा कप खाली ठेवला. "काल मनिलाला उतरल्यावर त्याचा फोन आला. कुत्रीला पिल्लं किती झाली विचारलं. मी सांगितलं, चार. थोडं बोललो आणि त्याने परत विचारलं, कुत्रीला पिल्लं किती झाली?"

मॅम उठून वही घेऊन आल्या. एकेक फेरी त्यांनी वाचून सांगितली. कुठे लागलं, किती लागलं, काही वाढवलं नाही, काही लपवलं नाही. सातव्या फेरीपाशी त्यांनी वही मिटली.

"घंटा झाल्यावर तो दुसऱ्याच्या कोपऱ्याकडे गेला, नांग. लोकांना वाटलं, गंमत करतोय. मला नाही वाटलं. पुढच्या प्रत्येक फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातला माणूस दोरांच्या आत येऊन त्याला हाताला धरून नेत होता."

"आणि हे तुम्ही कुणाला बोलला नाहीत?"

मॅमनी मान खाली घातली. "गुण सांगितले. हे नाही सांगितलं. तेवढा धीर झाला नाही."

त्रिनिंगने पदरासारखा खांद्यावर टाकलेला टॉवेल नीट केला. "मग आता माझ्याबरोबर मनिलाला चला. तिकडे सगळे इंग्रजीत बोलतात आणि मला म्हणतात, ठीक आहे, ठीक आहे. तुम्ही त्यांना हे सांगा."

दुसऱ्या दिवशीच्या विमानाने दोघी गेल्या. त्रिनिंगने सुकी मासळी सामानात घेतली होती, आणि सारं विमान तिच्याकडे वळून वळून बघत होतं.

दिओनेल हॉटेलच्या खोलीत काळा चष्मा लावून बसला होता. दुसऱ्या दिवशी उघड्या ट्रकमधून मिरवणूक ठरली होती. आईला पाहून तो उठला, मोठ्यांना नमस्कार करायच्या तिथल्या रीतीने तिचा हात आपल्या कपाळाला लावला, मग मॅमचाही लावला.

"तुम्हीच ना एकशे तेरा?" तो हसून म्हणाला.

"मीच."

"नववी माझी होती, मॅम. तुम्ही त्याला दिलीत."

"नवव्या फेरीत तू नुसता पळत होतास."

"त्याला पळणं म्हणत नाहीत!"

त्याचा व्यवस्थापक मध्येच म्हणाला, "नांग, काळजी करू नका. सगळ्या तपासण्या झाल्यात. आणि सहा महिन्यांनी पुन्हा हीच लढत होणार आहे, दुप्पट मोठी. सारा देश वाट बघतोय."

"सातव्या फेरीनंतर तो कुठल्या कोपऱ्याकडे गेला, हे डॉक्टरांना सांगितलंय का?" मॅमनी विचारलं. वर्गात गोंधळ घालणाऱ्याला विचारायच्या, त्याच आवाजात.

व्यवस्थापक म्हणाला, "ती गंमत होती."

"त्यालाच विचारा."

दिओनेलने चष्मा काढला. एक डोळा अजून अर्धा मिटलेला होता. आईकडे न बघता तो म्हणाला, "सातवी मला आठवतच नाही. टीव्हीवर बघितली तेव्हा वाटलं, हा दुसराच कुणी आहे." मग म्हणाला, "मी कुणाला सांगितलं नाही. विमानतळावर माणसं झेंडे घेऊन उभी होती, आई. त्यांना काय सांगणार?"

त्रिनिंग त्याच्याजवळ जाऊन बसली. "त्यांना काही सांगू नकोस. मला सांग."

शुक्रवारची मिरवणूक झाली नाही. दिओनेल आईबरोबर दुसऱ्या इस्पितळात गेला. मेंदूच्या चित्रात एक बारीक डाग निघाला; रक्त येऊन थांबलेलं. वयस्कर डॉक्टरीणबाईंनी मॅमचा कागद दोनदा वाचला. मग दिओनेलला म्हणाल्या, "आणखी एक लढत तू कदाचित जिंकशील. पण घरी चालत जाशील की नाही, ते मी सांगू शकत नाही." यापुढे तो बॉक्सिंग खेळणार नाही, हे त्या खोलीतच ठरलं.

पुढचे पंधरा दिवस देशभर दुसरा विषय नव्हता. कुणी म्हणे घाबरला, कुणी म्हणे शहाणा निघाला, कुणी म्हणे मेक्सिकनांनी पैसे चारले. मॅमना शिव्या घालणाऱ्यांतले काही त्यांची माफी मागू लागले, आणि माफी मागणाऱ्यांना बाकीचे शिव्या घालू लागले. मॅमनी दोन्ही वाचणं सोडून दिलं.

दिओनेल गावी आला त्या दिवशी लोक रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभे होते. बँडवालेही आले होते. पण वाजवायचं की नाही, कुणालाच कळेना. किताब सोडून आलेल्या माणसाचं स्वागत कसं करायचं, हा प्रश्न आधी कधी पडला नव्हता. दिओनेल विलीच्या तीनचाकीतून उतरला, हातात आईची टोपली. तेव्हा रामिल पुढे झाला. त्याची सुट्टी संपत आली होती. त्याने हात पुढे केला, आणि दिओनेलने तो दोन्ही हातांत घेतला. मग कुणीतरी ढोलावर एक टिपरी मारली, आणि बँड सुरू झाला.

पाव घ्यायला गेलेल्या मॅमना दुकानातल्या बाईने पिशवीत दोन पाव जास्त घातले. "नांग त्रिनिंगला पण द्या," ती म्हणाली. एवढंच.

मे महिन्यात गावच्या संताचा उत्सव आला. चौकात दोर बांधून रिंगण केलं, आणि आसपासच्या गावांतली पोरं हातमोजे चढवून नाव नोंदवायला आली. तीन पंच हवे होते, मिळाले दोन. मॅमनी दिओनेलला बोलावून घेतलं, शेजारच्या खुर्चीवर बसवलं, हातात पेन्सिल दिली.

"जिंकेल त्याला दहा. दुसऱ्याला नऊ. पडला तर आठ. समजलं?"

"समजलं, मॅम."

पहिली फेरी झाली. दोन काटकुळी पोरं, एकाच्या नाकातून थोडं रक्त. मॅमनी डोकावून दिओनेलचा कागद बघितला. त्याने दोघांनाही दहा दिले होते.

"हे काय?"

"दोघंही चांगलं खेळले."

"असं चालत नाही. कुणाला तरी नऊ द्यावेच लागतात."

दुसऱ्या फेरीनंतर पुन्हा दहा–दहा.

"दिओनेल!"

"मॅम, दोघांनाही लागतंय हो," तो कळवळून म्हणाला.

मागे उभा असलेला विली खदखदून हसला. "घ्या! हा माझ्याहून वाईट विद्यार्थी निघाला!"

मॅमनी पिशवीतून खोडरबर काढलं आणि दिओनेलपुढे ठेवलं. त्याने एक दहा खोडला, बराच वेळ विचार केला, आणि लाल चड्डीवाल्या पोराच्या नावापुढे अगदी बारीक अक्षरात नऊ लिहिले. मग घंटा व्हायच्या आत तो उठला, दोरांपाशी गेला आणि त्या पोराला हाक मारून म्हणाला, "ए, डावा हात वर धर. हनुवटी झाक. हनुवटी!"

पंचाने असं काही सांगायचं नसतं. मॅमनी ते बोलून दाखवायला हवं होतं. त्यांनी पेन्सिलीचं टोक तपासलं आणि तिसऱ्या फेरीची वाट बघू लागल्या.