माझ्यावर नसलेलं नाव

मित्रांनो, मी एक जुना नामफलक आहे आणि मी भयंकर चिडलेला आहे. स्वतःची कहाणी सांगणाऱ्या वस्तूंनी हळू आवाजात बोलावं, अशी पद्धत आहे. छत्री तसं बोलते, शाळेचा बाक तसं बोलतो. त्यांना शोभतं ते. माझ्या अंगावर मात्र खोटं लिहिलेलं आहे आणि ते वाचून लोक कप विकत आणतात. तेव्हा आवाज चढला, तर समजून घ्या.

माझा जन्म एका रंगाऱ्याच्या दुकानात झाला. आधी मी प्लायवूडचा साधा तुकडा होतो. रंगाऱ्याने मला पांढऱ्या रंगाचा हात दिला, वाळवलं आणि जिभेचं टोक दातात धरून निळी अक्षरं काढली. 'प्रसूती विभाग, आपल्या सेवेत.' त्याखाली सात नावं: मोठे डॉक्टर, धाकट्या डॉक्टरीणबाई, भूल देणारे डॉक्टर आणि चार सिस्टर. सगळ्यात खाली त्याने 'रंगकाम' असं लिहून पुढे स्वतःचंही नाव टाकलं. मला तेव्हा त्याचं कौतुक वाटलं. आता वाटत नाही.

मला प्रसूतिकक्षाच्या दाराशेजारी लावलं. समोर नातेवाइकांची बाकडी. तिथे लोक तासन्‌तास बसतात आणि त्या भिंतीवर वाचण्यासारखा मी एकटाच. पहिली दोन वर्षं सुखाची गेली. माझं अक्षर बघून लोक म्हणायचे, "किती सुबक!" मी ताठ राहायचो. तसाही मला दुसरा पर्याय नाही.

मग मोठे डॉक्टर परदेशी गेले. भूल देणाऱ्यांनी दुसरं रुग्णालय धरलं. एक सिस्टर निवृत्त झाल्या. माझ्यावरची नावं मात्र तशीच. नाव बदलायला अर्ज लागतो, अर्जावर मोठ्या डॉक्टरांची सही लागते आणि मोठे डॉक्टर परदेशात आहेत. अशा रीतीने तो विषय संपला.

त्यातच एके दिवशी सलाइनचा स्टँड घासून गेला आणि 'रंगकाम' हा शब्द खरवडला गेला. नुसतं नाव उरलं. त्या दिवसापासून रंगारी आमच्या विभागाचा आठवा कर्मचारी झाला.

तुम्हाला वाटेल, होऊ दे की. बिचाऱ्याचं काय जातं? ऐका तर.

बाळ झालं की घरचे लोक आभाराच्या भेटी आणतात. कोणाला द्यायच्या, हे ते माझ्यावर वाचून ठरवतात. परदेशातल्या डॉक्टरांना पेनचे संच येतात. निवृत्त सिस्टरना फोटोच्या चौकटी येतात. रंगाऱ्याला एका वर्षात चौदा भेटी आल्या, त्यात नऊ कप, एक काचेचा हंस आणि एक सुवासिक मेणबत्ती. मेणबत्ती! ऑक्सिजनच्या नळ्या असलेल्या विभागात! प्रत्येकीवर कार्ड, आणि कार्डांवर असा मजकूर: 'तुमच्या कुशल हातांमुळे आमचं बाळ सुखरूप जगात आलं.' त्या माणसाने आयुष्यात रंगाचे डबे सोडून काही उघडलेलं नाही.

आणि मावशीला काय? काही नाही. कारण मावशीचं नाव माझ्यावर नाही. ती ठेकेदाराकडून आलेली. अठरा वर्षांपूर्वी आली, पण ठेकेदाराकडून. गादी तीच बदलते, गरम पाणी तीच आणते, आतल्या बाईला "आता नको, आता दम खा, हां, आता लाव जोर" असं तीच सांगते. अठरा वर्षांत इथे जे जे जन्मलं, त्याच्या आईने मावशीचा हात पिळलेला आहे. तिची उजवी करंगळी त्यामुळे सरळ होत नाही.

यंदा नवे व्यवस्थापक साहेब आले. त्यांनी सूचना लावली, तीही माझ्याच अंगावर, टेप मारून. ज्या कर्मचाऱ्याचे रुग्णांनी वर्षभरात नावानिशी आभार मानलेले नसतील, त्याला तळघरातल्या कापडाच्या गोदामात पाठवण्यात येईल. सोमवारपासून.

सूचना मोठ्या सिस्टरनी वाचून दाखवली. मोठ्या सिस्टर म्हणजे विभागाच्या प्रमुख. गोदामात चादरींची धूळ उडते आणि मावशीला दमा आहे, हे त्यांना माहीत होतं.

मावशी म्हणाली, "गोदामात माझा काय उपयोग? तिथे कोण कण्हतं? चादरी?"

"हसू नको गं. तुझ्या नावाचं एकही कार्ड नाहीये."

"माझं नाव तरी कुणाला माहितीये?"

त्याच आठवड्यात एक कुटुंब माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. बाळाचा बाप आणि बाळाची आत्या. बाळंतीण भिंतीला धरून हळूहळू मागून येत होती. मला आशा वाटली, कारण ही बाई मावशीच्या हाताला धरून अकरा तास झुंजली होती.

"आठ नावं आहेत," आत्याने मोजली. "खायचं नको, दादा. सगळे खायचंच देतात. टिकाऊ काहीतरी घेऊ."

"कप?"

"कपही सगळे देतात."

"मग ती वासाची मेणबत्ती? घरी आरामात बसल्यावर लावतील."

"तू यांच्यातलं कुणी बसलेलं पाहिलंस का?"

बापाने विचार केला. "नाही."

"मग?"

"मग कपच."

एवढ्यात बाळंतीण पोचली. "आणि मावशी?"

"कोण मावशी?"

"ज्यांच्या मनगटाला मी चावले, त्या."

"तू चावलीस?" बाप दचकला.

"दोनदा. दुसऱ्यांदा त्यांनी स्वतःहून पुढे केलं."

आत्याने माझ्यावरून बोट फिरवलं. वरून खाली, खालून वर. "बोर्डावर मावशी असं कुणी नाहीये, वहिनी. दुसऱ्या विभागातल्या असतील. उगाच चुकून दिलं, तर इथल्यांना वाईट वाटायचं."

मित्रांनो, मी त्या क्षणी खाली पडायचा प्रयत्न केला. आत्याच्या डोक्यात नाही, शेजारीच. पण या इमारतीत नळ गळतात, खिडक्या लागत नाहीत, लिफ्ट मधेच थांबते आणि स्क्रू तेवढे घट्ट आहेत. मी जागचा हललो नाही. मला बोलता येत नाही, हे मला नेहमीच माहीत होतं, पण त्या दिवशी त्याची लाज वाटली. ते बोट माझ्यावर फिरत होतं, मित्रांनो. खोटं मीच सांगत होतो.

आठ कप आले. रंगाऱ्याचा धरून.

शनिवारी व्यवस्थापक साहेब वही घेऊन मोजणीला आले. भेटवस्तूंच्या कपाटातली कार्डं त्यांनी टेबलावर मांडली, पत्ते मांडतात तशी.

"हा पहा," ते खूश होऊन म्हणाले. "याची पंधरा! विभागात सर्वाधिक! यादीत सगळ्यात खाली आहे, म्हणजे कामगारच असणार. साधा कामगार आणि एवढं प्रेम!"

"साहेब, तो इथे नाही," मोठ्या सिस्टर म्हणाल्या.

"आज सुट्टी आहे का?"

"तो इथे कधीच नव्हता. त्याने बोर्ड रंगवलाय."

"सिस्टर, पंधरा कुटुंबं खोटं बोलतील का? शिवाय याच्याविरुद्ध एक तक्रार नाही. एकदाही उशिरा आल्याची नोंद नाही."

"येतच नाही तर उशिरा कसा येईल?"

"लेखी द्या."

"मागच्या आठवड्यात दिलंय."

"हो, पण त्याला कार्ड जोडलं नव्हतं." साहेबांनी वही मिटली. "एकाला ठेवायचं, एकाला गोदामात. आकडे स्पष्ट आहेत."

बाळंतिणीला त्याच दिवशी घरी सोडत होते. ती निघाली तेव्हा मावशी बादलीवर बसून चपलेचा बंद बांधत होती. सिस्टरनी नुकताच हुकूम सांगितला होता आणि मावशीने "बरं" म्हटलं होतं. नुसतं बरं. मला त्या 'बरं'चा साहेबांपेक्षा जास्त राग आला.

काय झालंय, ते सिस्टरनी बाळंतिणीला दोन वाक्यांत सांगितलं. तिने बाळ आत्याच्या हातात दिलं, सलाइनच्या बाटल्यांवर लिहायचा मार्कर टेबलावरून उचलला आणि मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं नाव काय?"

"आता कशाला? मावशी पुरतं."

"पुरत नाही. त्यानेच तर घोळ झालाय."

मावशीने नाव सांगितलं. सांगताना जरा अडखळली, बऱ्याच दिवसांत न काढलेलं कुलूप उघडावं तशी. बाळंतीण चवड्यांवर उभी राहून माझ्यावर लिहायला लागली, सगळ्यांत वर, मोठ्या डॉक्टरांच्याही डोक्यावर.

"वहिनी, टाके आहेत तुला!" आत्या ओरडली.

"टाके खाली आहेत. मी वर लिहितेय."

"पण हे असं लिहिलेलं चालतं का?" बापाने विचारलं.

"चावलेलं चाललं ना?"

अक्षर वाकडं आलं. नावाचं शेवटचं टोक चौकटीबाहेर भिंतीवर गेलं. माझ्या अंगावर लिहिलेली ती पहिली पूर्ण खरी गोष्ट.

सोमवारी साहेबांनी ते पाहिलं. मावशी तेव्हा तळघरात चादरी मोजत होती.

"हे काय विद्रूप केलंय? पुसून घ्या आत्ताच्या आत्ता!"

"कुणाकडून?" मोठ्या सिस्टरनी अगदी नम्रपणे विचारलं. "फरशीवाल्यांचा करार फक्त फरशीचा आहे. भिंती विभागाचा कामगार पुसतो."

"मग त्याला सांगा."

"तुमच्या उत्कृष्ट कर्मचाऱ्याला? तुम्हीच बोलवा साहेब. आमच्या हाकेला तो ओ देत नाही."

साहेबांनी तीन दिवस रंगाऱ्याला बोलावलं. ध्वनिक्षेपकावरून बोलावलं. त्याला कारणे दाखवा नोटीस काढली आणि, दुसरी जागा नव्हती म्हणून, माझ्यावरच चिकटवली. चौथ्या दिवशी ते स्वतः तळघरात उतरले. तिथे काय झालं, ते सिस्टरनी बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगितलं, दोनदा.

मावशी म्हणे खोकत खोकत म्हणाली, "माझी नेमणूक गोदामात आहे, साहेब. मी वर येऊन भिंत पुसली, तर चादरी कोण मोजेल? वरचं काम हवं असेल, तर वरची नेमणूक द्या. लेखी."

साहेबांनी लेखी दिलं. कायमची नेमणूक, प्रसूती विभाग. तातडीचं, असं वर लाल शाईत.

मावशी वर आली. फडका भिजवला, पिळला आणि माझ्यासमोर उभी राहिली. तिने माझ्यावरचं स्वतःचं नाव पहिल्यांदाच वाचलं. सावकाश, ओठ हलवत. फडका माझ्यापर्यंत आला, तेवढ्यात आतून कुणीतरी जोरात कण्हलं. मावशीने फडका कमरेला खोचला. "पुसते नंतर," असं साहेबांना म्हणाली आणि आत गेली.

त्याला सात महिने झाले. साहेब रोज विचारतात. ती रोज कामात असते.

मित्रांनो, आता शेवटचं सांगतो. कुणाचे आभार मानायचे असतील, तर माझ्यासमोर येऊन उभे राहू नका. मी लाकूड आहे. माझं अक्षर सुबक आहे आणि मी बऱ्याच बाबतीत अजूनही खोटं बोलतो. तुमच्या बायकोचा, बहिणीचा, लेकीचा हात कुणी धरला होता, ते तिलाच विचारा. मग त्या माणसाचं नाव विचारा. मग त्याला काय हवंय, तेही विचारा. तीन प्रश्न आहेत. कपाचा रंग निवडायला याहून जास्त वेळ लावता तुम्ही.

मावशी आत आहे. जा.