पांढऱ्या साडीतला फोटो

"पुढच्या आठवड्यात या," साहेब म्हणाला. तुळसाबाई उठली तर नाहीच, उलट तिनं अलिबागच्या परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कचेरीतल्या खुर्चीवर दोन्ही पाय वर घेऊन मांडी घातली. शेजारी तिची सून इरेशा मान खाली घालून उभी होती. लंकेतल्या गॉलची पोर, आता चौलची सून.

"तुमचा पुढचा आठवडा गेल्या पावसाळ्यापास्नं चाललाय, सायब. हिची आई तिकडं अंथरुणाला खिळलीय. तिला जाऊ द्या नि परत येऊ द्या. दुसरं काय मागतोय?"

"मावशी, इथं कायम राहण्याचा अर्ज विचाराधीन आहे. मध्येच देश सोडला तर परत येता येईलच असं नाही."

"मंग करा की विचार! डोकं काय घरी ठिवून येता?"

दारातला शिपाई फिसकन हसला. साहेबानं मात्र फाईल उघडून एक फोटो पुढं सरकवला.

"शंका आहे म्हणून अडलंय. हा लग्नाचा फोटो? नवरी पांढऱ्या साडीत, होम नाही, मुंडावळ्या नाहीत. मयताला जमल्यासारखे दिसताय सगळे. नुसत्या कागदासाठी केलेली लग्नं बघतो आम्ही इथं."

तुळसाबाईची कानशिलं तापली. संघर्षनं, तिच्या मुलानं, दुबईच्या हॉटेलातली नोकरी सोडताना ही पोर घरी आणली, तेव्हा सासूसुनेला एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. लग्नात बाळाराम बौद्धाचार्यांनी 'बुद्धं सरणं गच्छामि' सुरू केलं आणि इरेशानं ते सगळ्या वस्तीच्या वर आवाज काढून म्हटलं. तिथंच तुळसाबाईनं तिला आपली म्हटलं होतं.

"माझं लगीन पन पांढऱ्या साडीत झालं. म्हंजे मी बी कागदासाठी नांदले काय? मागं बुद्ध नि बाबासाहेब दिसतायत, ते न्हाय दिसले तुला? दिसले. म्हणून तर खुपले."

"नीट बोला, मावशी. घरी पोलीस चौकशीला येतील, मग बघू."

"कवा?"

"येतील."

परतीच्या एसटीत इरेशा मोडक्या मराठीत म्हणाली, "आई, मी जाते. परत नाय येऊ दिलं तर?" तिची तान्ही लेक मानसी अजून अंगावर पीत होती.

पोलीस आला आणि दाराला कुलूप दिसलं, असं नको म्हणून तुळसाबाईनं बाजाराला जाणं सोडलं. उंबऱ्यात बसून राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मोटारसायकलीला शिव्या घातल्या. पोलीस आला नाही. गॉलला इरेशाची अम्मा गेली.

तिची माती झाली ती इरेशानं मोबाईलवर बघितली. इकडं वस्तीतल्या बायका पांढऱ्या साड्या नेसून ओटीवर जमल्या. बाळारामांनी वंदना सुरू केली. 'सरणं'पाशी इरेशाचा आवाज तुटला, तेव्हा सासूनं तिचा हात धरून पुढचं म्हटलं.

तेवढ्यात दारात मोटारसायकल थांबली.

"परदेशी बाई इथंच राहतात ना? चौकशीला आलोय," हवालदार म्हणाला. मग सगळं पांढरं बघून चाचरला. "काय कार्य आहे का घरात?"

"बूट काढ नि आत ये," तुळसाबाई म्हणाली.

त्यानं काढले.

"मोबाईल हाय ना? काढ फोटो."

"मावशी, मला फक्त…"

"काढ म्हणते ना!"

इरेशानं डोळ्यांवरचा पदर बाजूला केला आणि मान वर उचलली. हवालदारानं फोटो काढला.

"आता ह्यो सायबाला दाव. म्हणावं, मयत असं असतं. नि फायलीतला जुना फोटो ह्याच्या शेजारी ठिव. त्यात ही हसतेय."

हवालदारानं खिशातून पेन काढलं, खाली बघतच हळू विचारलं, "मग… बाई इथंच राहतात, असं लिहू?"

"लिही," तुळसाबाई म्हणाली. "आई मेली तरी हितंच ऱ्हायली, असं लिही."