डाव्या नडगीतला काटा

शनिवारी सकाळी स्टेडियमच्या पायऱ्यांखाली चाळीसेक मुलंमुली रांगेत बसली होती. कुणाचा गुडघा उघडा, कुणाची टाच, कुणाचा खांदा. मागे आईवडील आणि शाळेचे, क्लबचे प्रशिक्षकही उभे. आणि समोर सतरंजीवर ट्रॅकसूट घातलेले काटेबाबा. आजकालचे बाबा गिऱ्हाईक बघून कपडे घालतात.

मी हाडांचा डॉक्टर. माझा दवाखाना तिथून चार पावलांवर, आणि त्या सकाळी तिथे कंपाउंडर सोडून चिटपाखरू नव्हतं. तेव्हा माझ्या रागात थोडा मत्सरही होता, हे आधीच कबूल करतो.

बाबांची पद्धत सोपी होती. "लोकांच्या नजरेचा काटा होतो बेटा, आणि हाडात रुततो," असं म्हणत ते दुखऱ्या जागी वाटीतली राख जोरजोरात चोळत, फुंकर मारत आणि चिमटीत काळा काटा धरून दाखवत. मग पथ्य: एकवीस दिवस मैदानात पाय ठेवायचा नाही, नाहीतर काटा परत शिरतो. पोरं खरंच बरी होत. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा दुखलं, की ती नवी नजर. एका उंच उडीवाल्याचा चौथा काटा चालू होता.

रांगेत माझी तेरा वर्षांची भाचीही होती. पळते भन्नाट, बोलते त्याहून भन्नाट, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात. तिची उजवी नडगी दोन महिन्यांपूर्वी दुखत होती, काटा निघाला, बरी झाली आणि आता पुन्हा ठणकत होती. आधी पळून झाल्यावर दुखायची, मग पळताना, आता तर नुसतं बसलं तरी. निवड स्पर्धा दहा दिवसांवर आली होती. तिला माझ्याकडे आणा म्हटलं, तर भावोजी म्हणाले होते, "तू विश्रांतीच सांगणार." ते खरंच होतं.

टिटवीचा नंबर आला. भावोजींनी हात जोडले. "बाबा, एकवीस दिवस नाही जमणार. स्पर्धा आहे."

बाबांनी डोळे मिटले, उघडले. "मग मुळासकट काढतो. उद्यापासून पळव. दुखलं तरी थांबवू नको. ती काट्याची जागा भरून येत असते."

माझं डोकंच फिरलं. आधीच शिणलेलं हाड तसंच पळवलं, तर त्याला भेग पडते आणि पोर महिनोन्महिने घरी बसते. मी गर्दीतून पुढे घुसलो, तोवर टिटवीने पाय पुढे केलाही होता. राख, फुंकर, चिमटी.

"हा बघा. केवढा मोठा."

"पण हा डावा पाय आहे," टिटवी शांतपणे म्हणाली. "दुखतो तो उजवा."

बाबा कच्च्या गुरूचे चेले नव्हते. "काटा हुशार असतो बेटा. पाय बदलतो."

"मग मागच्या वेळीपण बदलला असेल. तेव्हाही मी डावाच दिला होता. तुम्ही फार जोरात चोळता हो, दुखरा पाय कोण देईल? तरी बरा झाला तो उजवाच."

रांगेत हशा पिकला. मी राखेची वाटी उचलून उलटी केली. काठाखाली मेणात सात काटे ओळीने टोचलेले होते.

"पुढच्या सात जणांनो, तुमचे काटे तयार आहेत," मी म्हणालो. वाटी हातोहात फिरू लागली. तेवढ्यात बाबांना कुणाचा तरी फोन आला आणि ते बोलत बोलत फाटकाबाहेर गेले. फोन त्यांनी उलटा धरला होता.

"पण पोरं बरी होत होती ना?" एका आईने विचारलं. प्रश्न रास्त होता.

"होत होती. कारण एकवीस दिवस पळणं बंद. औषध होतं ते पथ्यच, काटा नुसता तमाशा. भावोजी, ही आठवड्यात किती वेळा पळते?"

"शाळेत सकाळी पाच दिवस." शाळेच्या सरांनी मान डोलावली. "क्लबात संध्याकाळी चार दिवस." सरांची मान थांबली.

"शाळेतही पळते?" क्लबच्या मॅडम म्हणाल्या. "मला वाटलं, फक्त माझ्याकडेच."

"आणि रविवारी मी टेकडीवर नेतो," भावोजी हळूच म्हणाले. "बाकी विश्रांतीच."

"बाकी काय उरलं?" टिटवीने विचारलं.

मी तिच्या उजव्या नडगीवर एक बोट फिरवलं. एका जागी ती कळवळली, त्याच्या दोन इंच वर काहीच नाही. "साधा थकवा पायभर दुखतो आणि दोन दिवसांत जातो," मी सगळ्यांना सांगितलं. "दुखणं एका बोटाने दाखवता येतं, दर आठवड्याला वाढतं, तेव्हा हाड थकलेलं असतं. तेव्हा थांबायचं आणि डॉक्टर गाठायचा. कुठलाही, मीच असं नाही."

भावोजी तिच्यासमोर खाली बसले. "खूप दुखतं का गं?"

"कधीचं दुखतंय, पप्पा. तुम्ही 'किती वेळात पळालीस' एवढंच विचारता."

भावोजी उठले. मग त्यांनी सरांना निवड स्पर्धेच्या यादीतून तिचं नाव काढायला सांगितलं. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

टिटवीची ती स्पर्धा हुकली. तीन महिन्यांनी, आधी पुरती विश्रांती घेऊन मग एकाच मैदानावर आणि आठवड्याला तीनच दिवस सराव करून, पुढच्या शर्यतीत चौथी आली आणि तिसरा नंबर कसा हुकला ते आठवडाभर ऐकवत राहिली.

काटा निघताना बघायला चाळीस घरं लोटली होती. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, किती ठिकाणी पळतेस, हे विचारायला रांग लागत नाही. आज घरी विचारा, आणि उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.