कप्तानांच्या गुडघ्याने मला हरवले

मित्रांनो, मी एक जुना वायुभारमापक आहे. पितळेचे अंग, काचेचे तोंड आणि एक काटा, एवढाच माझा संसार. माझे सारे आयुष्य स्कारवॉय बेटावर, बोटीच्या कचेरीत गेले. हवा बिघडणार असली की माझा काटा खाली येतो. रोज सकाळी कप्तान आस्लाक माझ्या काचेवर टिचकी मारत, काटा बघत आणि मग खुर्चीत बसून कण्हत, "आई गं! गुडघा ठणकतोय. उद्या वादळ!" लोक गुडघ्याचे कौतुक करत. माझे नाव कोणी घेत नसे.

मग ऑडवर नावाचे नवे व्यवस्थापक आले. उद्या बोट सुटण्याची शक्यता किती, हे सांगणारे एक सूत्र त्यांनी संगणकावर बसवले. त्याला लॉजिस्टिक रिग्रेशन म्हणतात म्हणे. त्यात लाटांची उंची होती, माझा वायुभार होता आणि चक्क कप्तानांचा गुडघाही होता. दुखला तर एक, नाही तर शून्य. सूत्राने प्रत्येकापुढे एक गुणांक मांडला. गुडघ्याचा सर्वांत मोठा आला आणि माझा अगदी शून्याला टेकलेला.

"बघा, आकडाच बोलतोय!" ऑडवर म्हणाले. "गुडघा पहिला. हा पितळी डबा उगाच भिंत अडवतोय."

कप्तानांना खिडकीजवळची खुर्ची आणि तपकिरी चीज घातलेले पहिले वॅफल मिळू लागले. माझी रवानगी शाळेच्या बँडला पैसे जमवण्यासाठी भरणाऱ्या जुन्या वस्तूंच्या बाजाराच्या खोक्यात झाली, कान तुटलेल्या किटलीशेजारी. मला रडूच आले असते, पण माझ्या पोटात पाणी नाही.

इकडे गुडघ्याची चांगलीच पंचाईत झाली. काटा दिसेना, तेव्हा कप्तान अंदाजाने कण्हू लागले, आणि ऑडवर त्या कण्हण्यावरच बोट सोडायची की नाही ते ठरवू लागले. लख्ख उन्हात बोट रद्द झाली आणि वादळात मात्र सुटली. त्या वादळातून आलेल्यांत कप्तानांची मुलगी तुरिड होती. ती बर्गनला संख्याशास्त्र शिकवते. पांढऱ्याफटक चेहऱ्याने ती थेट कचेरीत शिरली.

"ऑडवर, सूत्र कसं वाचलंस रे?"

"मोठा आकडा तो महत्त्वाचा. त्यात काय वाचायचं?"

"अरे, गुडघा शून्यावरून एकावर गेला की संपला. वायुभार एकेका एककाने मोजलाय, आणि तो तीस-चाळीस एककं खाली येतो! एक पायरी बघून जिना ठेंगणा ठरवलास तू."

मग तिने जुन्या नोंदींतले गुडघ्याचे दुखणे पत्त्यांसारखे पिसले. सोमवारचे गुरुवारी, गुरुवारचे रविवारी. सूत्राचे फारसे काही बिघडले नाही. मग माझे आकडे पिसले, आणि सूत्र तापात बरळल्यासारखे काहीच्या काही सांगू लागले. ऑडवरांनी हातातले वॅफल खाली ठेवले.

"वायुभार कळल्यावर गुडघा नवं काहीच सांगत नाही," तुरिड म्हणाली. "बाबा, असं कसं हो?"

कप्तान खिडकीबाहेर बघू लागले. "काटा बघूनच कण्हायचो गं मी."

ऑडवर धावतच शाळेत गेले. एक बाई मला घड्याळ समजून किल्ली शोधत होत्या. बाईंच्या हातून मला सोडवून ऑडवरांनी पुन्हा कचेरीच्या भिंतीवर टांगले. मग ते कप्तानांची खुर्ची परत घ्यायला निघाले.

"म्हणजे गुडघा दुखतच नाही तर!" तुरिड हसून म्हणाली.

"दुखतो ना. रोज दुखतो, वादळ असो नसो," कप्तान हळूच म्हणाले. "पण ते कुणी विचारलंच नाही."

ऑडवरांनी खुर्ची होती तिथेच राहू दिली आणि वर एक उशी आणून ठेवली. तुरिडने पलीकडच्या किनाऱ्यावरच्या डॉक्टरांची दुसऱ्या दिवशीची वेळ घेतली. मग सगळे माझ्याकडे बघू लागले. बोट सुटेल ना? मी माझा काटा जमेल तेवढा वर धरला.

मित्रांनो, माझी काच मऊ फडक्याने पुसत जा. आणि कोणाचे महत्त्व मोजाल, तर ते कशासाठी मोजता आहात हे आधी विचारा. सूत्राला नको असलेला गुडघाही माणसाला चालायला लागतो.