लाल उजेडात हसू नये
घरात धाकटीला भोंगा म्हणायचे, आणि ते काही उगाच नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तिचं रोजचं काम. त्यामुळे ताईचं सिझेरियन झाल्यावर भोंग्याला दवाखान्याच्या खोलीत यायची बंदी झाली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही.

गुन्हा एवढाच, की ताई पहिल्यांदा बाळाला मांडीवर घेत असताना ती म्हणाली होती, "याचं तोंड बघ, अगदी आपले गणिताचे सर. आता गृहपाठ मागतील." ताई खळखळून हसली, आणि टाके असे ओढले गेले की तिचा चेहरा पांढराफटक पडला. आईनं बाळ झटकन काढून घेतलं. तेव्हापासून ताई त्याला घ्यायलाच धजत नव्हती. दूधसुद्धा आडवं पडून पाजायची, आईनं त्याला शेजारी धरून ठेवलं तरच.

"पाडलं असतं मी त्याला," म्हणायची आणि भिंतीकडे तोंड करायची.

बाहेरच्या बाकावर बसून भोंग्याचा जीव नुसता वरखाली व्हायचा. मग तिला कळलं की टाक्यांच्या दुखण्यावर ताईला उजेडाचा उपचार सुरू झालाय. उजेडाचा! आता तिला कोण थांबवणार?

"एक अक्षर बोलायचं नाही," आईनं बजावलं.

"आणि दोन?"

"भोंगे."

तिनं ओठ घट्ट मिटले आणि आत गेली.

फिजिओथेरपीच्या मॅडमनी पडदे ओढले आणि सगळ्यांना काळे चष्मे दिले. बाळाला घेऊन भाऊजींना बाहेर पाठवलं. "एवढ्याशा नाकाला बसेल असा चष्मा नाही माझ्याकडे," त्या म्हणाल्या. मग ताईला विचारलं, "दुखतंय का?"

"थोडंसं."

भोंग्याला ते थोडंसं चांगलं ठाऊक होतं. लहानपणी हात मोडला होता तेव्हाही ताई थोडंसंच म्हणाली होती.

मॅडमनी दिव्याची पाटी ताईच्या पोटावर, टाक्यांपासून जरा वर धरली आणि बटण दाबलं. खोली लाल झाली. भडक लाल नाही, डोळे मिटून उन्हाकडे तोंड केलं की पापण्यांच्या आत असतं ना, तसं. भिंती मऊ झाल्या. सलाईनची नळी, आईचे पांढरे केस, पाण्याचा तांब्या, सगळं त्या उजेडात हळूहळू तरंगायला लागलं. यंत्र बारीक गुणगुणत होतं. भोंग्याला वाटलं, पिल्लू इतके महिने ताईच्या पोटात अशाच खोलीत राहिलं असेल. बाहेरून आमचे आवाज येत असतील, आणि सगळ्यात मोठा अर्थातच माझा.

हे ताईला सांगायलाच हवं होतं. पण एक अक्षर नाही! शब्द गळ्यापर्यंत आले, तिथून गालांत शिरले. गाल फुगले. चष्मा वर सरकला. कान तापले. तिनं श्वास कोंडला आणि छताकडे बघत बसली.

ताईनं मान वळवली.

तिच्या अख्ख्या आयुष्यात भोंगा कधी गप्प बसलेली नव्हती. आणि आता ही समोर, काळा चष्मा, गाल फुगलेले, फुटायला आलेल्या फुग्यासारखी. ताईच्या नाकातून आधी फुस्स झालं. मग खांदे हलले.

"अगं, ती काही बोलली नाहीये," आई घाबरून म्हणाली.

"तेच तर," ताई कशीबशी म्हणाली.

मॅडमनी दिवा बंद केला आणि उशी तिच्या पोटाशी दिली. "दाबून धरा. मग हसा." ताईनं उशी कवटाळली आणि हसली. डोळ्यांत पाणी आलं, तोंड वाकडं झालं, पण चेहरा पांढरा नाही पडला.

"दुखलं का?" मॅडमनी विचारलं.

"दुखलं," ताई म्हणाली. थोडंसं म्हणाली नाही. "चांगलंच दुखलं. पण त्या दिवशीसारखं जीव घेणारं नाही."

"ही जादू नाही, गोळ्या चालूच ठेवायच्या. पण उशी हाताशी असू द्या."

पडदे उघडले. ताईनं उशी पोटावर नीट सरकवली. मग म्हणाली, "बाळाला आणा."

आईनं त्याला उशीवर ठेवलं आणि आपला हात खालीच ठेवला. ताई म्हणाली, "काढ," तसा तो हळूच काढून घेतला. पिल्लानं कपाळाला आठ्या घालून ताईकडे रोखून पाहिलं. भोंग्यानं स्वतःच्या तोंडावर दोन्ही हात दाबले.

ताई त्याच्याकडे बघत राहिली.

"खरंच गं," ती म्हणाली, "गणिताचे सरच."

आणि उशी, बाळ, सगळंच पोटाशी घट्ट धरून ती पुन्हा हसायला लागली.