तीन वाजताचा आकडा

दुसऱ्याचा उत्कर्ष पाहून ज्याचे अंतःकरण तप्त होते, त्याने अद्याप कोणाचे काही हिरावलेले नसते. परंतु त्या तापाला अवसर लाभला, की मनुष्याच्या खऱ्या परीक्षेला आरंभ होतो.

महायुद्धापूर्वीच्या व्हिएन्नातील एका प्रयोगशाळेत एक आचार कटाक्षाने पाळला जाई. रेडियममधून निघणारा वायू हाताळणाऱ्यांनी कोणाशी हस्तांदोलन करायचे नाही आणि मापनाच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही. कारण त्या वायूचा अदृश्य लेप बोटांवर बसतो आणि सूक्ष्म यंत्रांना चकवतो. त्याच वायूवर काम करणाऱ्या ओटिलिएने हा नेम आठ वर्षे पाळला होता.

रेगिनेला येऊन सहाच महिने झाले होते. थोरियमपासून मिळालेल्या एका पदार्थाचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचा किरणोत्सार निम्मा होण्यास लागणारा काळ, ती दोन दिवस मोजत होती. मापन निर्दोष ठरले तर ब्रसेल्सच्या परिषदेला ती जाणार, अन्यथा ओटिलिए, असे प्राध्यापक त्सेहेटनर यांनी ठरवले होते.

दुपारी सर्व जेवायला गेले असता ओटिलिए मापनाच्या खोलीत शिरली. तिला केवळ वही पाहायची होती. आकडे इतके नेटके होते की तिचा जळफळाट झाला. वाकताना यंत्राच्या पितळी पेटीवर तिचा हात टेकला, आणि भानावर येताच ती निमूटपणे परतली.

साडेचारला रेगिने तिच्या दाराशी आली.

"फ्रॉइलाइन ओटिलिए, माझं वाटोळं झालं! तीनच्या आकड्यानं कुठच्या कुठे उडी मारलीय."

"अगं बाई! कालपर्यंत तर प्राध्यापक तुझ्या नावाचा जप करत होते."

"टोमणे नंतर मारा हो. यंत्रच बिघडलंय. सगळं फेकून द्यावं लागणार. ब्रसेल्सला तुम्हीच जा आता."

तिने दुरूनच आलेख उंच धरला. समान काळात समान अंश घटत असल्याने, लॉगरिदमच्या त्या कागदावर दोन दिवसांचे बिंदू एका सरळ रेषेत उतरले होते. अखेरचे तेवढे रेषेच्या वर तरंगत होते. ओटिलिएने मनातच रेषेवरचे अपेक्षित आकडे वजा केले. तीन वाजता चौसष्ट उरले, साडेतीनला बत्तीस, चारला सोळा. दर अर्ध्या तासाला निम्मे! याच गतीने तो लेप तिने आठ वर्षे आपल्याच बोटांवरून झिजताना पाहिला होता.

आता असत्य बोलण्याचीही गरज नव्हती. मौन पुरेसे होते. क्षणभर ब्रसेल्सचे सभागृह तिच्या डोळ्यांपुढे उभे राहिले, आणि ते तिला फार आवडले.

"यंत्र ठीक आहे," ती अखेर म्हणाली. "रेषेच्या वर जे जादा दिसतंय, ते दर अर्ध्या तासाला निम्मं होतंय. तेवढं वजा कर."

"पण अर्धा तास म्हणजे... हे तर तुमच्या खोलीतलं!"

"माझ्या हाताचं. दुपारी आत गेले होते, तुझी वही बघायला."

"तुम्ही? का पण?"

"जळत होते म्हणून. प्राध्यापकांना मीच सांगते. सहानंतर पुन्हा मोज, तोवर सगळं उतरलेलं असेल."

रेगिनेने आलेख खाली घेतला. मग हळूच म्हणाली, "अजूनही जळता?"

"हो तर!"

"त्याचं अर्धायुष्य किती हो?"

"तू परिषदेहून ये, मग मोजू."

रेगिनेला हसू आवरले नाही. ओटिलिए मात्र प्राध्यापकांच्या दालनाकडे निघाली. तिची पावले जड होती, पण थांबली नाहीत.

सत्य उच्चारणाऱ्या त्या जिव्हेला शांती लाभो, आणि ते ऐकून घेणाऱ्या अंतःकरणाचे औदार्य अक्षय राहो.