सानहा पाचव्यांदा उभा राहतो

मार्चमध्ये शाळेचं नवं वर्ष लागलं की दक्षिण कोरियातल्या मोकपो शहरातल्या आया मुलांच्या नव्या बुटांमागे आणि नव्या दप्तरांमागे लागतात. मिरानला मात्र वेगळीच धास्ती असते. तिच्या थोरल्याला, सानहाला, वर्गप्रमुखाच्या निवडणुकीला उभं राहायचा नाद आहे. निवडणूक वर्षातून दोनदा होते. दोन्ही वेळा हा पठ्ठ्या सगळ्यांच्या आधी हात वर करतो, आणि दोन्ही वेळा पडतो. तिसरीत दोनदा पडला, चौथीत दोनदा पडला. घरी येऊन दोन वाट्या भात जास्त जेवतो आणि झोपी जातो. झोप उडते ती आईची.

मिरानचं शाळेच्या फाटकासमोर खाऊचं दुकान होतं. लाल तिखट रश्शात उकळणारे तोक, म्हणजे तांदळाच्या पिठाचे चिवट लांबट तुकडे, काडीला टोचलेल्या माशाच्या वड्या, सोबत पेलाभर गरम सूप. शाळा सुटली की अर्धी शाळा तिच्या पातेल्याभोवती. त्यामुळे निकाल तिला पोराच्या आधी इतरांच्या तोंडून कळायचा. दरवेळी तेच. सेआ जिंकली. दंतवैद्यांची सेआ, हुशार, नीटनेटकी, बोलायला गोड. मिरानला तिचा राग यायचा आणि राग येतो म्हणून स्वतःची लाजही वाटायची, कारण ती पोर वडी घेताना न चुकता वाकून नमस्कार करायची.

इतर आया पोरांची उंची दाराच्या चौकटीवर खुणा करून मोजतात. मिरानला सानहाची वाढ कळायची ती त्याच्या निवडणुकीतल्या वचनांवरून. तिसरीत त्याने वर्गात आइस्क्रीमचं यंत्र बसवतो म्हणून सांगितलं होतं. पुढच्या खेपेला गृहपाठच बंद. चौथीत त्याला दिसलं की मैदानावर मुलींच्या पायाला चेंडू लागतच नाही, तर आठवड्यातला एक दिवस चेंडू मुलींचा, असं तो म्हणाला. मुलींनी जोरात टाळ्या वाजवल्या आणि मतं सेआला दिली. रात्री पांघरूण घालताना मिरानच्या लक्षात आलं होतं की आइस्क्रीमवाला पोरगा गेला, हा कुणी दुसराच आहे, आणि हा तिला जास्त आवडला होता.

यंदा तो पाचवीत गेला आणि धाकटी बोमी पहिलीत. घरात दोन दप्तरं आली. नवरा जहाजांच्या गोदीत सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेला, त्यामुळे या दोन दप्तरांचा सगळा संसार मिरानच्या गळ्यात. बोमी शाळा सुटली की दुकानातल्या उंच स्टुलावर बसायची आणि दिसेल ते मोठ्याने सांगायची. कुणाच्या मोज्याला भोक आहे, कुणाच्या नाकात काय आहे. पहिलीत गेल्यापासून आपल्याला सगळं समजतं असा तिचा ठाम समज झाला होता.

या खेपेचं सानहाचं वचन जेवणाच्या रांगेचं होतं. वर्ग आडनावांच्या क्रमाने रांगेत उभा राहतो. शेवटच्या पोरांच्या ताटात तळाचा रस्सा आणि मोडलेल्या वड्या येतात. एक आठवडा रांग पुढून, एक आठवडा मागून, एवढंच त्याचं म्हणणं. मिरान म्हणाली, अरे बावळटा, तुझं आडनाव कांग, तू पहिल्या तिघांत असतोस, तुझंच ताट रिकामं राहील. सानहा म्हणाला, माहीत आहे.

त्या उत्तराने मिरानचा धीर सुटला. एवढं चांगलं पोर पुन्हा पडणार, पुन्हा दोन वाट्या भात खाऊन गप्प झोपणार, हे तिला सहन होईना. निवडणुकीच्या आदल्या दिवशी त्याच्या वर्गातली चार मुलं दुकानात आली, तेव्हा तिने चौघांच्या हातात एकेक वडीची काडी ठेवली, पैसे घेतले नाहीत, आणि पातेल्यात बघत म्हणाली, उद्या आमच्या सानहाला विसरू नका हं. निवडणुकीत कुणालाही काही खाऊ घालायचं नाही, हा नियम वर्गशिक्षक पेक सरांनी पालकसभेत सांगितला होता, आणि त्या वेळी सगळ्यात जोरात मान हलवणारी बाई मिरानच होती.

जेवताना बोमीने विचारलं, "आई, दादाच्या मित्रांकडून पैसे का नाही घेतले?"

सानहाने चॉपस्टिक्स खाली ठेवल्या. मिरानने मुळ्याच्या किमचीची वाटी उगाच इकडून तिकडे सरकवली. तो ओरडला असता तर बरं झालं असतं, तिनेही ओरडून घेतलं असतं. त्याने फक्त विचारलं, कोण कोण होते. तिने चार नावं सांगितली. त्या रात्री त्याने भाताला हात लावला नाही. बोमीला वाटलं दादाचं पोट दुखतंय, म्हणून तिने त्याच्या वाट्याचं अंडं खाऊन टाकलं.

सकाळी तो नेहमीपेक्षा लवकर गेला, आईकडे न बघता. मिरानने तोक शिजत घातले आणि ते करपले. गेल्या दोन वर्षांत पोराने पडायची सवय करून घेतली होती, ते त्याचं त्याने झेललं होतं. आज पडला तर तो आईने पाडलेला असणार होता. तिला शाळेत जाऊन पेक सरांच्या पाया पडावंसं वाटलं, पण तेही पुन्हा मध्ये तोंड घालणंच झालं असतं. ती पातेल्यापाशीच उभी राहिली आणि रश्शात चमचा फिरवत राहिली.

शाळा सुटली. पहिला सानहाच आला, धावत नाही, चालत. दप्तर काढून त्याने बोमीच्या स्टुलाखाली ठेवलं.

सकाळी आधी पेक सरांना सांगितलं, म्हणाला. मग वर्गाला. सर म्हणाले, तुझं नाव काढून टाकावं लागेल, नाहीतर तूच काहीतरी उपाय सुचव. तर त्याने सुचवलं की ज्यांनी फुकट वड्या खाल्ल्या त्यांनी मत द्यायचं नाही. सेआने हात वर करून सांगितलं, मला हे मान्य आहे. मग बाकीच्यांनीही माना डोलावल्या. ते चौघे, त्याचे सगळ्यात पक्के दोस्त, बाकावर हात बांधून बसून राहिले.

"मग?" मिरानने चमचा खाली ठेवला.

"सेआपेक्षा दोन मतं जास्त पडली."

मिरानला आधी कळलंच नाही. बोमीला कळलं, ती स्टुलावर उभी राहून नाचायला लागली. मग मिरानने ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले, आणि एकदम म्हणाली की सगळा वर्ग उद्या दुकानात बोलाव, वड्या माझ्याकडून. सानहाने तिच्याकडे असं पाहिलं की तिने ते वाक्य तिथेच गिळलं. रांगेतल्या शेवटच्या पोरांनी मतं दिली असणार, तिला वाटलं, ज्यांच्या ताटात रोज तळाचा रस्सा येतो ती. वडी खाऊन नव्हे, त्याचं म्हणणं पटून दिली. तिची चूक धुऊन काढायला तिच्याच पोराने आपली हक्काची मतं सोडली होती आणि तरी तो निवडून आला होता. तिला अभिमान वाटला, आणि त्याहून जास्त, सुटल्यासारखं वाटलं.

"चार मतं गेली म्हणजे केवढं गेलं रे तुझं," ती म्हणाली.

"पाच गेली. मीही नाही दिलं."

"तू का नाही दिलंस? तू कुठे वडी घेतलीस काल?"

"त्यांनी एकेक खाल्ली होती," सानहा म्हणाला. "मी जन्मल्यापासून तुझ्याच हातचं फुकट खातोय."